रंभाबाईचे तळवे

रंभाबाईनं निखाऱ्यांवर पहिला पाय टाकला आणि गर्दीतला कमलाकांत टाचा उंचावून बघू लागला. बोईसरच्या दक्षिणेला, माहीमच्या किनाऱ्याकडच्या वाडीत देवीची जत्रा होती. सत्तरी ओलांडलेली ती कोळीण मोकळ्या केसांनी, ताठ मानेनं लालभडक चर पार करून गेली. घाई नाही, अडखळणं नाही.

"बगितलंत? अंगात आई आली का तिचे पाय भाजत नाय," त्याची बायको पारू कानाशी म्हणाली. "आता आपल्या पूर्वीला तिच्या पायावर घालायची, नि त्या गोळ्या बंद. आईवर भार टाकायचा तर पुरता टाकायला पायजे, समद्या बाया सांगतात."

पूर्वी त्यांची एकुलती एक मुलगी. तिला फिट यायच्या. गोळ्यांनी त्या कमी झाल्या होत्या, पण पोर दिवसभर पेंगायची, शाळेत मागं पडली होती. पारूच्यानं ते बघवत नव्हतं.

कमलाकांत दांडी गावचा, बोईसरच्या एका कारखान्यात बॉयलरवर कामाला. आग काय करते हे त्याच्या मनगटावरचा डाग सांगत होता. तरी डोळ्यांदेखत घडलेलं खोटं कसं म्हणायचं? आणि लांबून बघून पोरीच्या गोळ्या बंद तरी कशा करायच्या?

"उद्या जवळून बगतो, मग ठरवू," तो म्हणाला. त्या रात्री ती तिघं पारूच्या बहिणीकडे राहिली.

सकाळी रंभाबाईच्या अंगणात बाया नारळ घेऊन बसल्या होत्या. पारू पोरीला घेऊन त्यांच्यात बसली. कमलाकांत आत गेला. म्हातारी खाटेवर होती, पाय पाण्याच्या घमेल्यात.

"आई, रागवू नका. तुमचे पाय बगू द्या."

तिनं त्याच्याकडे रोखून पाहिलं. "सगल्यांनी डोकी टेकली. तलवे बगायला कोन नाय आला." आणि तिनं पाय वर उचलला. टाचेपासून बोटांपर्यंत फोड आले होते, मधली कातडी सोलवटली होती.

"म्हंजे भाजतात!"

"मग? निकारा हाय तो."

"नि अंगात येते ती?"

"येते. डोल वाजला का मी माजी ऱ्हात नाय. कोन येते, कुटून येते, मना ठावं नाय. खोटं कशाला बोलू? पन पाय माजेच ऱ्हातात, पोरा."

"मग चालता कशाला?"

"गावच्या होड्या तुफानात सापडल्या, तवा माज्या सासूनं हा नवस बोललेला. होड्या परत आल्या. तिच्यामागं मी. तिचेबी भाजायचे."

हे सगळं आधीच ठाऊक असून ही बाई काल मान ताठ ठेवून चालली होती. मग कमलाकांतनं पोरीच्या फिटा आणि बंद करायच्या गोळ्यांचं सांगितलं.

म्हातारी भिंतीला धरून उठली आणि बाहेर आली. बाया "आई, आई" करत पुढं सरकल्या. ती पायरीवर बसली आणि तळवा पारूसमोर धरला.

"बग गो. मना भाजतं. माज्या भरवशावर पोरीची गोली बंद करू नको. जड पडते तर डाक्टरला सांग, दुसरी देल."

दोघी-तिघींनी मुकाट्यानं आपापले नारळ उचलले आणि वाटेला लागल्या. रंभाबाई त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. पाय मात्र तिनं खाली घेतला नाही.

पारूनं तो पाय अलगद आपल्या मांडीवर घेतला. पदराचं टोक ओलं केलं आणि फोडांना चिकटलेली रेती ती हळूहळू टिपू लागली.