वामनरावांचं बी.ए.

वामनराव शब्दाचा माणूस. बोलायला लागले की समोरच्याचं डोकं खातात हे खरं, पण दिलेला शब्द खाली पडू देतील तर शपथ. अमरच्या लग्नाच्या बैठकीत वैष्णवीच्या बापानं भीत भीत विचारलं होतं, "पोरीचं बी.ए. अर्धं राह्यलं. पुढं शिकू द्यान काय?" वामनरावांनी मांडीवर थाप मारली. "शिकू देईन म्हंजे देईन. हा वामनरावचा शब्द!"

शब्द द्यायला काय लागतं? पण गाव पडलं झरी जामणी तालुक्याच्या पार टोकाला, जंगलाला पाठ लावून. वैष्णवीनं बाहेरून प्रवेश घेतला. पाठ सगळे मोबाइलच्या अ‍ॅपवर, आणि मोबाइलला रेंज फक्त वामनरावांच्या शेतावरच्या टेकडीला, मोहाच्या झाडाखाली. अमर कामाला दूर लोहारा गावच्या कारखान्यात, सासू विमलताईंचे गुडघे धरलेले, तान्ही पोरगी मांडीवर. सून टेकडी चढणार कशी? मग मोबाइलच रोज सासऱ्याच्या खिशात बसून टेकडी चढू लागला.

"मामाजी, हा खाली जाणारा बाण दाबजा," वैष्णवीनं शिकवलं. "पाठ उतरला की झालं." उतरलेला पाठ ती संध्याकाळी भाकरी थापता थापता ऐकायची.

आता नुसता बाण दाबून गप्प बसतील तर ते वामनराव कसले! एक दिवस त्यांनी पाठ चालूच करून पाहिला. पडद्यावर चष्मेवाल्या बाई अर्थशास्त्र शिकवत होत्या. बोलणं इतकं गोड, की ऐकतच राहावं. मधूनच थांबून त्या विचारायच्या, "समजलं ना?" एवढ्या मायेनं विचारल्यावर नाही कसं म्हणावं? वामनराव झाडाखाली ताठ बसून म्हणायचे, "हाव बाई, समजलं." समजलेलं असायचं शून्य. पण बाईंचं मन कायले मोडा!

पाठ संपला की पडद्यावर प्रश्न यायचे, प्रत्येकाखाली चार उत्तरं. मास्तरनं विचारलं अन् आपण गप्प, हे चौथीतच शाळा सोडलेल्या वामनरावांना पटेना. ते उत्तर दाबून मोकळे व्हायचे. घरी रेंज नसल्यानं हे प्रश्न वैष्णवीला कधी दिसलेच नाहीत. ही गोष्ट तिला सांगावी, हे काही यांच्या टाळक्यात आलं नाही.

कापूस वेचणीच्या दिवसांत अभ्यासकेंद्राचा निरोप मोबाइलवर आला. संध्याकाळी घरी वैष्णवीनं तो दोनदा वाचला. पाठांवरच्या चाचण्यांत ती साफ नापास होती. असेच गुण राहिले तर परीक्षेला बसता येणार नव्हतं, वर्ष गेलं.

"म्या तं चाचणी देल्लीच नाई वो!" ती रडत म्हणाली. "मंग नापास कशी झाली?"

वामनरावांच्या आत्ता लक्षात आलं. चाचणी म्हणजे ते प्रश्न! आपण दिलेला शब्द आपल्याच बोटानं मोडला, या विचारानं ते भरल्या ताटावरून उठले.

सकाळी कोणाला न सांगता ते पांढरकवड्याच्या एसटीत बसले. अभ्यासकेंद्रात गेले, तर समोर खुर्चीत त्याच चष्मेवाल्या बाई! वामनरावांनी टोपी काढली आणि शाळेतल्या पोरासारखे उभे राहिले.

"बसा ना. आपण?"

"वैष्णवीचा सासरा. अन् तुमचा विद्यार्थी." मग एका दमात सगळं सांगून टाकलं. "नापास मी झालो, बाई. थे मार्क माह्या नावावर लिवा. पोरीची पाटी कोरी करून द्या. तिच्या बापाले मी शब्द देल्ला हाय."

बाईंनी संगणकात पाहिलं. "पण काका, प्रत्येक प्रश्नाचं पहिलंच उत्तर का दाबलंत?"

"पयलं ते देवाचं, बाई. आमच्या घरी पयली भाकर देवाची, पयलं बोंड देवाचं. म्हटलं, देवाच्या नावानं दाबलं तं चुकन कसं?"

बाईंना हसू आवरेना. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. "चाचण्या पुन्हा उघडून देते. पण आता तिनंच सोडवायच्या हं."

घरी येऊन त्यांनी सुनेला सगळं सांगितलं आणि तिच्यापुढे हात जोडले. वैष्णवीनं ते हात धरून खाली केले. "मामाजी, मले वाटलं पास होनं माह्या नशिबातच नाई. शिक्षण सोडून देनार होती मी," ती म्हणाली. आणि मग असं रडली-हसली की विमलताई आतून ओरडल्या, "काय झालं वो? कोनी मले सांगान काय?"

दुसऱ्या दिवशी सगळी वरात टेकडीवर. विमलताई तेवढ्या खाली, तुरीच्या बांधावर बसल्या. वैष्णवी मोहाखाली चाचणी सोडवत होती आणि वामनराव नातीला खांद्यावर घेऊन तिच्याकडे पाठ करून उभे. चुकूनही नजर पडायला नको! पोरीनं टोपी ओढली, मिशी ओढली, पण गडी वळला नाही.

"झालं मामाजी. पास झाली मी!"

"पायू काय आता?"

"पाहा ना!"

ते वळले. सुनेचं तोंड उजळलेलं पाहून त्यांना भरून आलं, आणि ते लपवायला ते नातीवरच खेकसले, "टोपी दे माही!"

वैष्णवीनं पुढचा पाठ लावला आणि त्यांना शेजारी बसवलं. बाई 'घटत्या सीमांत उपयोगिते'बद्दल बोलत होत्या: एकच वस्तू मिळत गेली की तिची गोडी कशी कमी कमी होत जाते. बोलता बोलता थांबल्या. "समजलं ना?"

वैष्णवी सासऱ्याकडे पाहत म्हणाली, "तुमाले इचारून राह्यल्या."

वामनरावांनी घसा खाकरला. हाव म्हणायला ओठ उघडले आणि मिटले.

"नाई समजलं, बाई," ते हळूच म्हणाले. "आजवर एकबी पाठ नाई समजला."

वैष्णवीनं पाठ थांबवला, मोबाइल उपडा ठेवला आणि त्यांच्याकडे तोंड करून मांडी घालून बसली.

"बरं, मी सांगते. समजा मामाजी, तुमाले लय भूक लागली हाय. अन् म्या तुमच्या ताटात पयली भाकर वाढली."

"पयली देवाची," वामनराव म्हणाले.

"बरं," वैष्णवी हसत म्हणाली, "दुसरीपासून सुरू करू."