बायकोचं पार्सल

पदयात्रेत दोन दिवसांत पन्नास किलोमीटर चालायचं. दरवर्षी आम्ही दोघं जोडीनं जायचो. यंदा ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी ह्यांचं चालणं गल्लीच्या टोकापर्यंत आणून ठेवलं. नावं मात्र आधीच दिलेली. "मीही राहते घरी," मी म्हटलं. त्यावर ह्यांनी हूं की चूं केलं नाही. "जा" म्हणाले असते तर मी गेले असते, "जाऊ नकोस" म्हणाले असते तर मी भांडून गेले असते. पण गप्प बसणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कसं? शिवाय मलाही धाकधूक होतीच. एकटीनं निघायचं आणि अर्ध्यात पाय गळाले तर? लोकांत हसं व्हायचं.

आदल्या दिवशी दुपारी बघते तर स्वयंपाकघरातला वजनकाटा टेबलावर आणि माझी पाठपिशवी गच्च भरलेली. ह्यांची अख्खी नोकरी पार्सल ऑफिसात गेली. जड ते तळाशी, हलकं ते वर, आणि उरल्यासुरल्या फटींत मोजे कोंबलेले.

"हलवून बघ. खुळखुळतंय का?" हे ऐटीत म्हणाले.

"अहो, पायाला फोड आला की आधी मलम लागणार. ते कुठंय?"

"तळाला. काचेची डबी फुटायला नको."

"आणि पाणी?"

"त्याच्या शेजारी."

वर सुतळीचे आडवे-उभे वेढे आणि तीन पक्क्या गाठी! मी कपाळावर हात मारला. "पार्सलला वाटेत तहान लागत नाही हो, मला लागते!"

हे ओशाळले आणि मग स्वतःच खो खो हसले. आम्ही सगळं उपसलं आणि नव्यानं भरलं. मलम, चिकटपट्ट्या, पाणी बाहेरच्या कप्प्यांत. रेनकोट वर. दुसरा स्वेटर मी काढला, ह्यांनी घातला, मी परत काढला. वजन भरलं चार किलो दोनशे.

"पण मी जाते असं म्हटलंय कुठं?" मी विचारलं.

ह्यांनी जाड काळं पेन काढलं, कापडाच्या पट्टीवर सावकाश काहीतरी लिहिलं आणि पट्टी पिशवीच्या बंदाला शिवून टाकली. मी चष्मा लावून वाचलं. वर मुक्कामाचं ठिकाण. खाली 'पाठवणारा' म्हणून स्वतःचं नाव आणि घरचा पत्ता. तीन आठवडे ह्यांच्या तोंडून जे ऐकायचं होतं, ते असं पट्टीवर मिळालं. त्याखाली आणखी एक ओळ होती: 'न पोहोचल्यास पाठवणाऱ्याकडे परत.'

"ऑफिसात लिहायचो तेच," हे माझ्याकडे न बघता म्हणाले. "त्यात कमीपणा कसला? परत आलेलं पार्सल मी कधी दारात ठेवलं नाही."

किती वेळ मी ती ओळ बोटानं चाचपत बसले.

"सकाळी साडेचारला उठवा मला," मी म्हटलं.