वरच्या मजल्यावरची बाई

अमेरिकेतल्या ट्रॉय गावातल्या त्या अपार्टमेंटमध्ये आश्लेषाला बोलायला कोणी नव्हतं, ऐकायला मात्र होतं.

सकाळी साडेसातला नवरा, परीक्षित, गाडी घेऊन ऑफिसला गेला, की घरात ती आणि आठ महिन्यांची अदिती. खिडकीतून पार्किंग दिसायचं. कोणती गाडी कधी निघते, पोस्टमन कधी येतो, सगळं पाठ झालेलं. अदितीचा श्वास नीट चाललाय ना, हे दर दहा मिनिटांनी बघायचं आणि पुन्हा खिडकीशी यायचं.

बरोब्बर अकराला खालच्या घरात बास गिटार सुरू व्हायची. मग पुठ्ठ्याच्या खोक्यावर काठ्या, आणि त्यावर एका माणसाचं भरभर, भांडल्यासारखं बोलणं. तिघं होते, स्लोव्हाकियाचे. त्यांच्यातला उंच युराय एकदा लाँड्री रूममध्ये भेटला होता. संध्याकाळी हॉटेलात भांडी घासायची, सकाळी बँड. "पोस्ट-पंक," तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला होता, "थोडं रॅप. राजकारण पुष्कळ."

आश्लेषाने नागपूरला राज्यशास्त्रात एम.ए. करताना पथनाट्यात डफ वाजवला होता. खालचा एक शब्द कळत नव्हता, पण कोणाला तरी जाब विचारला जातोय, एवढं जमिनीतूनही कळायचं. आणि एरवी तासभर रडणारी अदिती त्या धडधडीवर पाच मिनिटांत झोपायची.

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी ती दिल्लीच्या मोठ्या बहिणीशी, शोभनाताईशी बोलत होती. कॉलिंग कार्डाचा फोन मध्येच तुटला. अदिती कडेवर, दात येत होते म्हणून किरकिरत होती. घाईघाईत कार्डाचा नंबर राहिला, पुढचा शून्य-एक-एकही राहिला. तिने थेट भारताचा एक्क्याण्णव दाबला आणि दिल्लीच्या अकरातला पहिला एक.

नऊ, एक, एक. पोलिसांचा नंबर.

"इमर्जन्सी काय आहे?" बाईचा आवाज आला. आश्लेषाने चटका बसल्यासारखा फोन खाली ठेवला.

पण इथे न बोलता फोन ठेवला तर पोलीस बघायला येतात, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. दहा मिनिटांत दोघं दारात. "सगळं ठीक आहे ना, मॅम?"

चुकून लावला म्हणावं, तर खोटा फोन हा गुन्हा असेल का? परीक्षितच्या व्हिसाला काही झालं तर? खाली युरायचा आवाज टिपेला पोचला होता. वयस्क पोलिसाने जमिनीकडे बोट केलं. "ह्या आवाजाचा त्रास होतो का?"

त्याने आयती वाट काढून दिली होती. "येस," आश्लेषा म्हणाली.

खाली दार वाजलं. गिटार थांबली.

दुसऱ्या दिवशी खालच्यांच्या दारावर अपार्टमेंटच्या ऑफिसची नोटीस चिकटली: वाद्यं वाजवल्यास घर रिकामं करावं लागेल. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. अदिती रडत राहिली. घरात फ्रिजची घरघर तेवढी उरली.

"मी जाऊन खरं सांगते त्यांना," ती रात्री जेवताना म्हणाली.

"वेडी आहेस का? ग्रीन कार्डची फाइल आत्ताच सबमिट केलीय यार," परीक्षित म्हणाला. "मिटलंय ना? मग कशाला उकरतेस?"

"मिटलं ते आपलं. त्यांचं काय?"

"ते आपल्याला ओळखतात तरी का?"

ते ओळखत नसतीलही. पण ती त्यांना ओळखत होती, आणि ह्या अख्ख्या गावात असं म्हणण्यासारखं दुसरं कोणी तिला नव्हतं.

शुक्रवारी तिने अदितीला कडेवर घेतलं आणि तेरा पायऱ्या उतरली. दार युरायने उघडलं. मागे खोकी बांधून ठेवलेली.

तिने सगळं सांगितलं. कॉलिंग कार्ड, एक्क्याण्णव, अकरा. मग जरा थांबून, "चूक तिथवर होती. 'येस' म्हणाले ती चूक नव्हती. मी घाबरले, आणि तुमच्यावर ढकललं."

युरायने आत वळून दोघांना त्यांच्या भाषेत सांगितलं. कोणी हसलं नाही.

"सहा वर्षं आम्ही तिकडे सरकारला शिव्या दिल्या," तो म्हणाला, "पोलीस एकदाही आला नाही. इथे एक शब्द कोणाला कळत नाही, तर आला!" मग त्याने अदितीकडे पाहिलं. ती कडेवरून वाकून दाराजवळच्या खोक्यावर पंजा आपटत होती. "आमच्या आईच्या काळात प्रत्येक इमारतीत वरच्या मजल्यावर एक बाई असायची. खिडकीतून बघायची, कोण आलं, कोण गेलं, आणि वर, सरकारला कळवायची. तिच्यावर आमचं गाणं आहे. मंगळवारी तेच चाललं होतं."

आश्लेषाचे कान तापले. "त्या गाण्यात ती शेवटी खाली येते का?"

"नाही," युराय म्हणाला. "ती खाली कधीच येत नाही."

तिथून ती तशीच ऑफिसात गेली. तक्रार माझी नव्हती, आवाजाचा त्रास नाही, फोन मी चुकून लावला होता, असं लिहून खाली पूर्ण नाव लिहिलं, सही केली. काउंटरवरच्या बाईने कागद फायलीत सरकवला आणि नोटीस काढून घेऊ म्हणाली.

पण तिघांतल्या एकाच्या मामाचं जवळच्या हॅमट्रॅमक गावात गॅरेज होतं, आणि तिकडे जायचं त्यांचं ठरलं होतं. रविवारी खाली व्हॅन लागली. आश्लेषा सवयीने खिडकीशी गेली आणि एकदम मागे सरली. मग पुन्हा पुढे आली, अगदी काचेला लागून, कोणालाही दिसेल अशी. युरायने वर बघितलं. हात केला नाही, पण काही वेळ बघत राहिला. मग दार ओढलं आणि व्हॅन निघून गेली.

सोमवारी अकराला अदितीने भोकाड पसरलं. आश्लेषा तिला मांडीवर घेऊन जमिनीवर बसली आणि टाचेने गालिच्यावर ठोका धरला. कॉलेजातल्या नाटकाच्या ओळी तिला आठवेनात. म्हणून आठवले ते आकडेच ती भरभर, भांडल्यासारखं म्हणू लागली. शून्य एक एक. नऊ एक. एक एक.

खालचं घर रिकामं होतं. ठोका घुमत होता.