पदमचंदजींकडे टिकलेलं पोरगं

त्या दिवसांची आठवण निघाली की अंगुरीबाईंच्या कानांत आधी समोरच्या खोलीतला गलका यायचा. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं, छोट्या लाईनची गाडी होती, आणि घरातली समोरची खोली म्हणजे त्यांच्या नवऱ्याचं, पदमचंदजींचं, ऑडिटचं ऑफिस होतं.

गावात सी.ए. म्हणजे अप्रूपच. तरी त्या ऑफिसात पोरं टिकत नसत. बी.कॉम. झालेला एखादा आर्टिकलशिपला, म्हणजे सी.ए.च्या उमेदवारीला यायचा, वर्षभर वह्यांतल्या आकड्यांवर हिरव्या पेन्सिलीनं खुणा करायचा आणि बँकेत जागा निघाली की पसार व्हायचा. बँका सरकारी झाल्यापासून गावोगाव शाखा उघडत होत्या. पक्का पगार, शिवाय लग्नाच्या बाजारात भाव. इथं मिळायचं ते चहापाण्यापुरतं.

"आजकालच्या पोट्ट्यायले दमच नाही," पदमचंदजी म्हणायचे.

अंगुरीबाई आपल्या परीनं पोरांना धरून ठेवायच्या. दिवस मावळायच्या आत सगळ्यांना पाटावर बसवायच्या. जैनांचं घर, जेवण बिनकांद्या-लसणाचं. पोरं वाहवा करायची आणि मग हळूच स्टँडवर जाऊन आलूबोंडे खायची. बाईंना ते ठाऊक होतं. त्या हसून सोडून द्यायच्या.

अशात जानराव आला. शेलूबाजारकडच्या उकंडराव नावाच्या शेतकऱ्याचा मुलगा. उंच, अबोल, पण डोळे असे की समोरच्यानं काही दडवलं तर लगेच ओळखावं. दोन वर्षं तो राहिला तेव्हा बाईंना वाटलं, हा टिकला. आणि एका दुपारी तो स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभा राहिला.

"काकू, बँकेत नंबर लागला. पुढच्या महिन्यात जातो."

"पगारासाठी चालला का रे?"

"पगार तं पाह्यजेच. पन दोन वर्सं झाले, साहेब मले संगं नेतात अन् दाराजवळ बसवतात. शेठजीसोबत बोलतात थे सोता. मी काही विचारलं का डोळे वटारतात. मले काही येते का नाही, हेच समजून नाही राह्यलं."

त्या संध्याकाळी ताट वाढताना बाईंनी नवऱ्याला हे जसंच्या तसं सांगितलं. "तुमी पोट्ट्यायले शिकवता का नुसतं बसवता?"

पदमचंदजींनी त्या दिवशी पोळी अर्धीच खाल्ली.

त्याच आठवड्यात त्यांना हिवताप भरला. शेलूबाजारच्या कस्तुरचंदांच्या कापसाच्या जिनिंगचं ऑडिट तोंडावर आलेलं. कस्तुरचंद जुने अशील, त्यात नात्यातले. शेवटी पांघरुणातूनच पदमचंदजी म्हणाले, "जानराव, तू जा. जे पाहाचं थे पाह्य. इचाराचं थे इचार."

जानराव जीपनं गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी तीच जीप दारात थांबली आणि कस्तुरचंद तणतणत आत आले. मागं जानराव, चेहरा उतरलेला.

"हे पोट्टं मले मनते, मागचं गोदाम उघडा, माल मोजतो! इतक्या वर्सांत तुमी कधी उघडाले लावलं का? कुन्या कास्तकाराचं पोर, मले हिसाब इचारते?"

बाई दाराआड येऊन उभ्या राहिल्या. कस्तुरचंदांची बायको पानाबाई म्हणजे त्यांची देवळातली सोबतीण.

पदमचंदजी भिंतीला टेकून कसेबसे उठून बसले. अंगात कापरं भरलं होतं. "मी लावलं नाही, हे माहं चुकलं," ते म्हणाले. "आता त्यानं इचारलं म्हनजे मीच इचारलं. गोदाम उघडा, नाही तं माही सही भेटनार नाही."

कस्तुरचंदांनी गोदाम उघडलं. आत वावगं काहीच नव्हतं, थोडी सरकी भिजलेली, एवढंच. पण पुढच्या वर्षी त्यांनी काम अकोल्याच्या ऑडिटरकडे नेलं. पानाबाईंनी अबोला धरला, तो क्षमावाणीला, एकमेकांची माफी मागायच्या दिवशी, दोघींनी हात जोडले तेव्हा कुठं सुटला.

जानराव बँकेत गेला नाही. उकंडराव रागावून वाशीमला आले, पदमचंदजींनी त्यांना खुर्ची दिली आणि म्हणाले, "तुमच्या पोराले मी घडवतो, मले तीन वर्सं द्या." त्या दिवसापासून जानरावची खुर्ची साहेबांच्या शेजारी आली. सी.ए.च्या परीक्षेत तो दोनदा नापास झाला, तिसऱ्यांदा पास झाला. त्याच्या तोंडून ऐकून मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा हेमसिंग आला, मग आणखी दोघं. समोरच्या खोलीत सतरंज्या अपुऱ्या पडू लागल्या. पोरं वाद घालायची, एकमेकांना प्रश्न विचारायची, आणि साहेब मधूनच म्हणायचे, "बरोबर पकडलं रे!"

पुढं जानरावनं अकोल्यात स्वतःचं ऑफिस थाटलं. जाताना तो पाया पडला तेव्हा पदमचंदजींनी तोंड फिरवलं, आणि मग चष्मा पुसत बसले.

त्यानंतरही पोरं आली, शिकली, गेली. बाईंना त्याचं वाईट वाटेनासं झालं. फक्त समोरची खोली रिकामी झाल्यावरही दिवस कलला की त्यांचा हात जास्तीची कणीक भिजवायचा, आणि पोळ्या उरल्यावर त्या स्वतःशीच म्हणायच्या, "काय दिवस होते बाई थे!"