अकरा नंबरचा पास

मित्रांनो, माझ्यावर कोणाचं नाव नाही, फोटोही नाही. ११ हा आकडा आणि त्याखाली 'व्हिजिटर', म्हणजे पाहुणा, एवढंच. हैदराबादेत, नारायणगुड्यातल्या एका कचेरीत इमारतींचे नकाशे काढतात. तिच्या दाराशी खिळ्याला लटकणारा, निळ्या नाडीचा मी जुना पास आहे.

सुरुवातीला खरे पाहुणे मला घालत. चहा घेत, गप्पा मारत आणि तासाभरात मला परत करून जात. मग एके सकाळी काचीगुड्याची मृण्मयी आली. नुकतीच शिक्षण संपवून आलेली. सहा महिने बिनपगारी इंटर्नशिप होती. "काम पाहू, मग ठरवू," असं कचेरीच्या मालकीण शैलामॅडम म्हणाल्या होत्या. पगारी माणसांना फोटोचं कार्ड मिळे. तिच्या गळ्यात रोज मीच.

दारावरचे यादगिरीचाचा चिडवत, "क्या अम्मा, आज बी मेहमान?"

"हौ चाचा, छे महिने की मेहमान!" ती हसे. पण नाडी सरळ करताना फोटोच्या कार्डांकडे तिची नजर जाई, ते मला कळे.

खोटं कशाला बोलू? ती तिथे पुष्कळ शिकली. कॉलेजात तिने काढलेल्या जिन्यांवरून कोणी चढलं नव्हतं. इथे मिस्त्रीने तिला बांधकामावर नेऊन म्हाताऱ्या माणसाला झेपेल अशी पायरी दाखवली. तिने आखलेल्या रेघेवर खरी भिंत उभी राहिली, त्या दिवशी तिच्या छातीची धडधड मी ऐकली आहे. पण नकाशाच्या कोपऱ्यात काम करणाऱ्यांची नावं असत, त्यांत तिचं नव्हतं. आणि तिच्याइतकीच हुशार गौरी, तिची मैत्रीण, या जागेवर येऊच शकली नाही. गौरीच्या घरी दुसरं कोणी कमावणारं नव्हतं.

मृण्मयी मात्र कोणाला काही विचारत नसे. तिचे बाबा नामदेवराव कीर्तन करतात. बिदागी कधी मागत नाहीत, तबकात पडेल तो प्रसाद. त्या घरात वाढलेल्या मुलीने कचेरीचं कामही सेवाच मानलं. न मागताच कोणीतरी आपलं नाव घेईल, अशी वाट पाहत पाच महिने गेले.

मग एकादशी आली. कचेरीतून ती धावतच चिक्कडपल्लीच्या देवळात बाबांच्या कीर्तनाला गेली आणि मला परत द्यायचं विसरली. ओढणीखाली मी, हातात झांज. काय सांगू मित्रांनो, माझ्या प्लास्टिकच्या अंगातही तो गजर भिनला! पूर्वरंग, म्हणजे कीर्तनाचा पहिला भाग, संपला. नामदेवरावांनी पेटीवाल्याचं, तबलजीचं आणि "झांजेवर आमची मृण्मयी" असं एकेकाचं नाव घेतलं. बुक्का लावला आणि आपल्या गळ्यातला हार तिला घातला. तेव्हा मी त्यांच्या हाताला लागलो.

आरती झाल्यावर त्यांनी विचारलं, "हे काय गं गळ्यात?"

"पाहुण्यांचा पास, बाबा. अजून कार्ड नाही. नकाशावर नावपण नाही."

"मग विचारलंस का?"

"तुम्ही कुठे कधी मागता?"

नामदेवरावांनी तिच्या हातातली झांज खाली ठेवली. मग म्हणाले, "वेडे, न मागण्याचा नेम मी देवापुढे केलाय. तो माझा. कचेरी म्हणजे काय देऊळ आहे? आणि देवळातसुद्धा साथीदाराचं नाव घेतल्याशिवाय मी उत्तररंगाला हात घालत नाही."

दुसऱ्या दिवशी ती शैलामॅडमसमोर उभी राहिली. माझी नाडी तिने मुठीत घट्ट धरली होती. "मॅडम, नकाशावर माझं नाव घालाल का? आणि पुढे मला पगारावर घेणार की नाही, तेही सांगा."

मॅडम ओशाळल्या. "नाव आजच घालते. राहून गेलं, चूक माझीच. पण जागा नाहीये गं. हे मी आधीच सांगायला हवं होतं."

नाव असलेला तो नकाशा दाखवून महिन्याभरात तिला दुसरीकडे पगाराची नोकरी मिळाली. शेवटच्या संध्याकाळी तिने मला ओढणीने पुसलं, खिळ्याला टांगलं आणि मागे वळून एकदा पाहिलं.

आता नवी मुलगी मला घालते. तीही काही विचारत नाही. मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल, कचेऱ्या चालवाल. शिकायला आलेल्यांना जरूर शिकवा, पण त्यांच्या कामावर त्यांचं नाव घाला, श्रमाचं मोल द्या आणि जागा नसेल तर पहिल्याच दिवशी सांगा.

माझ्या कोपऱ्यात, प्लास्टिकखाली, त्या एकादशीचा बुक्का अजून अडकला आहे. रोज सकाळी दार उघडलं की वाटतं, तीच आली. माझ्यासाठी नको, निदान चाचांना तिचं फोटोचं कार्ड दाखवायला तरी एकदा यावी.