एकशे बाविसावे पान

मी एक जुना, निळ्या पुठ्ठ्याचा इंग्रजी चरित्रग्रंथ आहे. मित्रांनो, माझ्यात जोसाया वेल्डनचे आयुष्य आहे. अमेरिकेवर इंग्रजांचे राज्य असताना तो तांदळाचा व्यापारी, मोठा मळेवाला आणि कायदेमंडळातला पुढारी होता.

छापला गेलो तेव्हा माझी वाहवा झाली. पुढे एका अमेरिकन इंजिनिअरने मला बहारीनला आणले आणि जाताना तिथेच टाकले. मीना सलमान बंदराच्या गोदामात, रद्दीच्या खोक्यात, मी वाळवीच्या धास्तीने दिवस काढले. तिथले कारकून हमीद मूळचे रत्नागिरीचे. त्यांनी मला नईम मोहल्ल्यातल्या आपल्या घरी नेऊन मुलीच्या हाती दिले. "शाळेत थोर माणसावर बोलायचंय ना तुला? हे वाच."

तस्नीम रोज वाचायची. एकशे बाविसाव्या पानावर मात्र अडखळली. तिथे वेल्डनच्या गुलामांची नावे होती. "फीबी, वय नऊ," तिने हळूच वाचले आणि मला मिटले.

मग एक्क्याण्णवची आखाती लढाई आली. विषारी वायूच्या भीतीने घरोघरी एकेक खोली चिकटपट्टीने बंद झाली. एका संध्याकाळी भोंगा वाजला, तेव्हा हमीद ड्यूटीवर होते. तस्नीमची आई, नसीमा, दाराच्या कडांना पट्टी लावत होती.

"टेप खलास झाली. दाराखाली फट आहे. कागद दे, भिजवून कोंबते."

खोलीत कागद म्हणजे मीच. बादलीतले पाणी पाहून माझी शिवण ताठरली. नसीमाने मला मधोमध उघडले.

"अम्मी, हे पान नको."

"तस्नीम, वेळ नाय गो."

"त्याच्या सत्काराची पानं घे. निवडणुकीची घे. ही नावं दुसरीकडे कुठं मिळायची नाहीत."

पानामागून पान फाटत गेले. फार दुखले. मग दोघी मला मधे धरून बसल्या. लांबवर धडाका झाला. तस्नीमची नखे माझ्या पुठ्ठ्यात रुतली.

बऱ्याच वेळाने भोंगा थांबला. हमीद आले, तर ओल्या कागदाने दार उघडेना. खांदा लावून ते आत आले आणि दोघींना जवळ घेऊन उभे राहिले.

शाळा उघडली. तस्नीमने मला, अर्ध्या झालेल्याला, वर्गात नेले. वेल्डनची थोरवी तिने सांगितलीच नाही. एकोणचाळीस नावे वाचली. कोणी हसेल म्हणून मी भ्यालो होतो. कोणी हसले नाही.

मित्रांनो, पुस्तके जपा. पाने फाडू नका. पण तशी वेळ आलीच, तर आधी वाचा, मग हात घाला.