तळाची दोन बोटं

बापलेकाची सकाळीच जुंपली, ती एका औषधाच्या बाटलीवरून.

बाटलीवर मापाच्या रेघा होत्या. आप्पांनी तिच्यात दहा रेघा पाणी घातलं, वर दहा रेघा पेट्रोल ओतलं, अंगठ्याने तोंड दाबून खळखळ हलवली आणि शेडच्या खिडकीत उजेडाला ठेवली.

"बघ आता," ते धाकट्याला म्हणाले. "पाणी किती घातलं होतं?"

"दहा."

"आणि आता किती दिसतंय?"

धाकट्याने वाकून पाहिलं. "बारा."

"बाटलीत पाणी वितं का रे? गाभण होतं ते?"

थोरली लेक दाराशी बसून स्पार्क प्लग घासत होती. तिला हसू आलं, पण तिने मान वर केली नाही. या दोघांच्या मध्ये हसलं की दोघेही तिच्यावर घसरत.

"आप्पा, पाणी वाढलेलं नाही. पेट्रोलमधलं इथेनॉल खाली पाण्यात उतरलं. शंभरात वीस भाग असतंच ते. पंपावर पाटी लावलीय तशी. चोरून कुणी घातलेलं नाही."

"पाटी तू वाचलीस. इंजिनाला वाचता येतं का?"

"माझ्या गाडीला येतं! धूर नाही, ठोका नाही, शांत पळते. आणि मका कोण नेतंय आपला? इथेनॉलवालाच ना? आधी मका पोत्यात किडायचा, आता कारखान्याच्या दारात ट्रॉलीला जागा मिळत नाही. तुम्ही बाटलीत हलवताय ना, ते आपल्याच रानातलं आहे."

"आपल्या रानातलं आहे म्हणून कार्बोरेटर त्याला बसायला पाट देईल?" आप्पांनी खिशातून एक रबरी नळी काढून त्याच्यासमोर धरली. फुगून मऊ झालेली, बोटाने दाबली की चिकटणारी. "ही तुझी शांत पळणारी गाडी नाही, ही म्हातारी आहे. एका टाकीत मोठ्या गावाच्या पाच फेऱ्या करायची. आता चौथीलाच खोकते."

"मग म्हातारी विकून टाका."

"आधी मला वीक," आप्पा म्हणाले. "माझीही नळी फुगलीय."

म्हातारी म्हणजे त्यांची तीनचाकी मालगाडी. छत्तीस वर्षं झाली होती तिला. तिच्या मागच्या हौद्यात बियाणं जाई, खत जाई, आणि गावात कुणी आडवं झालं की गादी टाकून तो माणूसही जाई. दवाखाना आणि पेट्रोलपंप दोन्ही मोठ्या गावाला, चौदा किलोमीटरवर. म्हणून आप्पांच्या शेडमध्ये पाच लिटरचा एक लोखंडी डबा कायम भरलेला असे. हवं तेव्हा त्यातलं काढायचं, पंपावर गेलं की पुन्हा भरायचा. मात्र तळाची दोन बोटं कधी ओतायची नाहीत, असा आप्पांचा दंडक होता.

त्याला कारणं दोन. एक म्हणजे कचरा आणि चुकून शिरलेलं पाणी खाली बसतं. तळ सोडून दिला की वरचं स्वच्छ मिळतं. दुसरं कारण थोरली. चौतीस वर्षांपूर्वी आईला कळा सुरू झाल्या तेव्हा आठ दिवस झड लागलेली होती, पंप बंद होता आणि डब्यात दोन बोटंच पेट्रोल उरलं होतं. तेवढ्यावर म्हातारीने चौदा किलोमीटर काढले. तेव्हापासून आप्पा मुलीला लाडात आले की 'दोनबोटी' म्हणत. नवा माणूस शेडमध्ये आला की ही गोष्ट त्याला ऐकावीच लागे, आणि थोरलीला ती दर वेळी नव्याने ऐकल्यासारखा चेहरा करावा लागे.

गाडी तिला त्यांनीच शिकवली. ती कितीही चांगली चालवू लागली तरी प्रत्येक वेळी गाडी हलताना मागून किंवा शेजारून एक वाक्य यायचंच, "क्लच हळू सोड."

त्या आठवड्यात मका काढून घरात आला आणि पाठोपाठ पाऊस. पोती ठेवायला कोरडी जागा म्हणजे शेडचा आतला कोपरा. तिथला डबा आईने उचलून पत्र्याच्या कडेखाली, भिंतीशी ठेवला. वर पत्र्याला खिळ्याचं भोक होतं. तिथून थेंब पडे, अगदी सावकाश. डब्याच्या झाकणाचं रबर नव्या पेट्रोलने फुगून सुटलं होतं, म्हणून आप्पांनी जुन्या ट्यूबचा तुकडा कापून बसवला होता. तोही नीट बसत नव्हता. थेंब झाकणावर टपकन वाजे आणि कडेने आत मुरे. सगळे त्याच्या शेजारून जात-येत होते. लक्ष होतं ते मक्याला पाणी लागू नये याकडे.

धाकटा ट्रॅक्टर घेऊन कारखान्याकडे गेला, त्याची मोटारसायकल घेऊन शेजारचा पोरगाही मागोमाग गेला. गावातले बाकीचे ट्रॅक्टरही तिथेच होते. रांग एवढी, की दोन दिवस हलता येणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आप्पा पाना हातात घेऊन बाकावर बसले आणि बसूनच राहिले. कपाळावर घाम. डावा हात त्यांनी उजव्या हाताने धरून ठेवला होता, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता.

"काय होतंय आप्पा?"

"काही नाही. जरा छातीवर कुणी बसलंय."

थोरलीने दवाखान्याला फोन लावला. त्यांची गाडी दुसऱ्या टोकाला गेली होती, दोन तास लागतील म्हणाले. धाकट्याचा फोन लागत नव्हता. आईने काही न विचारता हौद्यात गादी टाकली आणि वर ताडपत्री बांधली. थोरलीने टाकीत काडी घालून पाहिली. काडीचं टोक तेवढं ओलं झालं. चौथी फेरी झालेली होती.

तिने डबा आणून ओतायला सुरुवात केली. ओतता ओतता सवयीने हात थांबला. तळाला दोन बोटं राहिली होती.

गादीवरून आप्पा बघत होते. "ओत सगळं," ते म्हणाले. "आजच्यासाठीच ठेवलीत ती."

चौतीस वर्षांत पहिल्यांदा तो डबा पालथा झाला.

म्हातारी दुसऱ्या किकेला सुरू झाली. थोरलीने गिअर टाकला.

"क्लच हळू सोड," मागून आवाज आला.

रस्त्याची काळी माती चाकांना धरून ठेवत होती. दीड किलोमीटर गेले आणि चढाच्या पायथ्याशी म्हातारीने दोन आचके दिले. मग एक मोठा. मग नुसता पावसाचा आवाज.

थोरलीने किक मारली. पुन्हा मारली. पाय घसरून नडगी सोलली.

"आई, वरच्या वस्तीवर जा. कुणाकडे काही चाकाचं असेल ते घेऊन ये."

आप्पांच्या उशाशी बसलेली आई खाली उतरली आणि पदर खोचून चढाला लागली. चिखलात चप्पल रुतली ती तिने तिथेच सोडली.

"पेट्रोल येत नाहीये?" आप्पांनी विचारलं. आवाज बारीक झाला होता.

"बघते." तिने टाकीची नळी काढली. हत्यारांच्या पेटीत ती औषधाची बाटली होतीच. नळीखाली धरली. बाटली भरली. तळहातावर घेतलं तर उडून जाईना, हात गार पडेना, नुसतं ओलं.

"किती रेघा पाणी?"

"दोन," ती म्हणाली.

"दाखव."

तिने ताडपत्रीखाली वाकून बाटली त्यांच्यापुढे धरली. बाटलीत एकच गढूळ रंग होता. वर पेट्रोल नव्हतंच.

आप्पांनी डोळे बारीक करून पाहिलं. "रेघच नाही गं याच्यात. सगळं तेच. पूर्वी पाणी शिरलं तर पाणीच राहायचं. थेंबभर असलं तर थेंबभर. दोन बोटांत मावायचं. हे इथेनॉल, पाणी बघितलं की वरून खाली उतरतं, त्याला जाऊन मिळतं. मीच बाटलीत हलवून दाखवत होतो साऱ्या गावाला. आणि डब्याचा विचार केला नाही."

"बोलू नका आप्पा. मी खालचं सगळं सोडून देते. वरचं चांगलं असेल."

"दे सोडून. पिवळं येईपर्यंत." डोळे मिटून ते म्हणाले, "पत्र्याखाली ठेवला होता ना डबा?"

ती नळीवर वाकली.

"आईला सांगू नकोस. मक्याला कोरडी जागा हवी होती, तिनं केली. तिला नाही कळायचं ते. मलाच नाही कळलं." मग जरा वेळाने, "आणि धाकट्याला बोलू नकोस. पीक चांगलं आलंय त्याचं."

नळी बारीक होती. गढूळ धार चिखलात पडत होती, पावसात मिसळत होती. थोरली दर थोड्या वेळाने बाटली धरून बघे आणि ओतून देई. शेवटी धारेला पिवळी झाक आली, वास आला. तिने नळी जोडली, कार्बोरेटरची वाटी उघडून पुसली, बसवली. ती कामं त्यांनीच शिकवलेली होती, हात आपोआप करत होते.

सातव्या किकेला म्हातारी सुरू झाली. आधी फडफडली, मग धरली. थोरलीला आनंदाने ओरडावंसं वाटलं. तिने गिअर टाकला आणि क्लच सोडला. घाईत जोरात सोडला. गाडी गचका देऊन पुढे उडाली.

मागून कुणी काही बोललं नाही.

तिने गाडी थांबवली नाही. इंजिन ठोके देत होतं, चढावर रडत होतं, पण चढलं. चढाच्या माथ्यावर आई एका माणसाला घेऊन धावत येत होती. दोघांना हौद्यात घेऊन तिने गाडी पुढे काढली आणि उरलेला सगळा रस्ता आरशात पाहिलं नाही.

नंतर महिनाभर अंगणात लोक येऊन बसत आणि बोलणं पेट्रोलवर जाई. कुणी म्हणे, त्यानेच घात केला. कुणी म्हणे, माझी गाडी तेच पिते, मला काही झालं नाही. कुणी म्हणे, बाहेरून तेल आणण्यापेक्षा आपल्या रानातलं बरं. दूधवाला म्हणाला, मका माणसानं खावा की गाडीनं, ते आधी ठरवा. मग एकाने हळूच म्हटलं, गाडीचंही वय झालं होतं आणि माणसाचंही. त्यावर सगळ्यांनी माना हलवल्या, कारण उठायला ते वाक्य सोयीचं होतं.

धाकटा त्यांच्यात बसत नसे. एक दिवस शेडमध्ये येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली होती.

"ताई, खरं सांग. पेट्रोलनंच बंद पडली ना?"

"जुनी झालीय गाडी," थोरली म्हणाली. "नळी गेली होती."

"औंदा सगळ्याच रानात मका करतोय," तो म्हणाला. "दुसरं काही घेत नाही कुणी."

"कर."

पाऊस अजून चालूच होता. तो गेल्यावर आई आत आली. हातातला डबा तिने दोन्ही हातांनी धरला होता.

"दूधवाल्याकडून पेट्रोल मागवून भरला," ती म्हणाली. "रिकामा झाला होता ना, म्हणून आधी दोन बोटंच घातली आणि दिवसभर तसा ठेवला. मग वरचं भरलं. त्यांचा नेम मोडायला नको. आता गाडी तूच चालवायचीस. कुणाला कधी लागेल, सांगता येतं का?"

तिने डबा नेऊन पत्र्याच्या कडेखाली, भिंतीशी ठेवला.

थोरली पुढे झाली. "कोपऱ्यात ठेव ना आई. तो मोकळाच आहे आता."

"अगं, तो नव्या मक्याला लागेल की." आईने पदराने झाकण पुसलं. "आणि हा इथेच त्यांच्या हाताशी होता शेवटी. इथूनच उचललास ना तू?"

"हो."

"मग राहू दे इथेच."

थोरलीने तोंड उघडलं. आई तिच्याकडे बघत होती, काहीतरी बरोबर केल्यावर लहान मूल बघतं तशी.

"बरं केलंस," थोरली म्हणाली.

आई घरात गेली. थोरली डब्याशेजारी उकिडवी बसली आणि तिने झाकणावर तळहात ठेवला. जरा वेळ काहीच झालं नाही. मग वरून थेंब सुटला आणि तिच्या हातावर पडला.